दार्जिलिंगची वाफेची जॉयराइड: पैसे वसूल होतात ते इंजिनाच्या पुढे बसलेल्या दोन वाळूवाल्यांमुळे

सरळ सांगतो, दार्जिलिंगला जाऊन टॉय ट्रेनमध्ये बसायचं असेल तर तिकीट वाफेच्या इंजिनाचंच काढा, डिझेलचं नको. महाग पडतं, मान्य आहे, डिझेलपेक्षा बरंच महाग आणि चार जणांचं कुटुंब असेल तर आकडा बघून आधी हात आखडतोच. पण डिझेलच्या गाडीत तुम्ही फक्त डोंगर बघता आणि वाफेच्या गाडीत डोंगर चढायचा म्हणजे नेमकं काय करावं लागतं ते समोर घडताना दिसतं. मला विचाराल तर ह्या राइडमधली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट कांचनजंगा नाही, बतासिया लूप (वाटेत रूळ गोल फिरवलेली जागा) पण नाही, तर इंजिनाच्या पुढे बफरच्या पट्टीवर बसून रुळांवर हातानं वाळू टाकणारी दोन माणसं. नेटवरचे बहुतेक रिव्ह्यू ह्यांच्याबद्दल एक ओळसुद्धा लिहीत नाहीत म्हणून हा एवढा मोठा लिहितोय.

आधी राइडची माहिती पटकन. दार्जिलिंग ते घूम आणि परत, साधारण दोन तास, जाताना बतासियाला दहाएक मिनिटं थांबते, घूमला जरा जास्त वेळ थांबते तेवढ्यात स्टेशनातलं म्युझियम बघून होतं. दार्जिलिंग स्टेशन समुद्रसपाटीपासून २०७६ मीटरवर आणि घूम २२५८ मीटरवर, भारतातल्या सगळ्यात उंच स्टेशनांपैकी हे एक. म्हणजे जाताना चढ आणि येताना उतार, त्यामुळे खरी मजा जातानाच्या अर्ध्या भागात आहे हे लक्षात ठेवा, फोटो-बिटो परत येताना काढा. पूर्ण लाईन खाली न्यू जलपाईगुडीपासून आहे, ८८ किलोमीटर, पण पूर्ण दिवस जातो आणि लहान मुलं कंटाळतात. १८८१ साली गाडी दार्जिलिंगला पोचली, रूळांची रुंदी दोन फूट, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानएवढीच, आणि १९९९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नाव लावलं.

आता इंजिन. बी क्लास म्हणतात ह्यांना. १८८९ पासून बनायला लागली, शेवटची १९२० च्या दशकातली, म्हणजे आज जे इंजिन तुमच्या गाडीला लागेल ते शंभरीच्या आसपासचं किंवा त्याच्याही पुढचं असणार. चार चाकं, चारही ओढणारी, मोकळं फिरणारं चाक एकही नाही. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली, कोळसाही इंजिनावरच. वजन साधारण १५ टन. आणि माणसं बघा किती, ड्रायव्हर, फायरमन, वर बसून कोळसा फोडणारा एक, आणि पुढे ते दोघं. एवढ्याशा इंजिनाला एवढी माणसं कशाला असं आमच्या डब्यातल्या एका काकांनी विचारलंच, आणि उत्तर गाडी सुटल्यावर पहिल्या चढालाच मिळालं.

आम्ही गेलो त्या सकाळी धुकं होतं. पाऊस नाही, पण हवेतच पाणी, चष्म्यावर थेंब धरत होते आणि रूळ असे चमकत होते की कोणीतरी तेलाचा हात फिरवलाय. दार्जिलिंगहून निघालो, दुकानांच्या अगदी दारातून गाडी जाते, रस्ता एकदा ह्या बाजूला एकदा त्या बाजूला, आणि एका वळणावर चढ लागला तशी इंजिनाची छक... छक... छक... अशी दमदार चाललेली लय एकदम तुटली आणि छकछकछकछक असा आवाज झाला, धुराड्यातून धुराचा लोट वर उडाला, आणि गाडी मात्र पुढे जायच्या ऐवजी मंदावली. डब्यातल्या लोकांना वाटलं स्पीड घेतला. स्पीड घेतला नव्हता, चाकं जागच्या जागी फिरली होती. ड्रायव्हरनं लगेच वाफ बंद केली, दोन सेकंद शांतता, पुढच्या दोघांनी मुठीतून वाळूची बारीक धार रुळांवर सोडली, एकाकडे डावा रूळ एकाकडे उजवा, मग वाफ परत हळूहळू उघडली आणि इंजिनानं पकड घेतली. चाकाखाली वाळू भरडल्याचा करकर आवाज पहिल्या डब्यात नीट ऐकू येतो.

ही जी चाकं फिरतात ना, ह्याचं कारण इंजिनात ताकद कमी आहे असं लोक समजतात. उलटं आहे. ताकद पकडीपेक्षा जास्त झाली की चाक फिरतं. चाक पोलादाचं, रूळ पोलादाचा, आणि दोघं एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम एक चौरस सेंटीमीटरच्या आसपास. अख्खी गाडी एवढ्याशा चार जागांवर ओढली जाते. आता साधा हिशोब करा. रूळ कोरडा आणि स्वच्छ असेल तर वजनाच्या साधारण ३० टक्के पकड मिळते, म्हणजे १५ टनाच्या इंजिनाला साडेचार टन. ह्या इंजिनाची जास्तीत जास्त ओढ साडेतीन टनांच्या आसपास, म्हणजे कोरड्यात काही प्रश्न नाही. रूळ ओला झाला की पकड २० टक्क्यांवर येते, तीन टन, आणि आता पूर्ण वाफ दिली तर चाक फिरणारच. ओल्याबरोबर चिकट घाण असेल तर १० टक्के किंवा त्याच्याही खाली, दीड टन. इकडे इंजिन-डबे-माणसं धरून समजा ३५ टन गाडी आहे आणि चढ तीसला एक, म्हणजे तीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, तर नुसतं वर ओढायलाच १२०० किलो लागतात, वर वळणांचं आणि चाकांचं घर्षण वेगळं. म्हणजे ओल्या चिकट रुळावर हिशोब अगदी जेमतेम बसतो, आणि थांबलेली गाडी चढावर परत हलवायची असेल तर तेवढाही बसत नाही. ते दोघं वाळू टाकून हा दीड टनाचा आकडा परत वर नेतात, बस एवढंच त्यांचं काम आणि एवढ्या कामावर गाडी घूमला पोचते.

धुकं आणि भुरभुर ही मुसळधार पावसापेक्षा वाईट असतात हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. जोराचा पाऊस रूळ धुऊन काढतो, गंज-धूळ-तेल सगळं वाहून जातं आणि मग नुसतं पाणी राहतं. भुरभुरीत मात्र आधीची घाण आणि थोडंसं पाणी मिळून पातळ लगदा होतो, तो सगळ्यात निसरडा. पहिल्या पावसात आपल्याकडे टू-व्हीलर सटासट का घसरतात, तेच इथं. आणि दार्जिलिंगच्या ह्या लाईनवर घाणीला तोटा नाही, कारण रूळ हिल कार्ट रोडच्या कडेकडेनं जातात आणि परत परत रस्ता ओलांडतात, जीपच्या टायरचा चिखल, गाड्यांचं गळलेलं ऑइल, दुकानांसमोर ओतलेलं पाणी, सगळं रुळावर. घूमच्या बाजूला धुपीची उंच झाडं लागतात, त्यांच्या बारीक सुयांसारख्या पानांचा चाकाखाली चुरा होतो आणि ओल्यात तो रुळाला चिकटून बसतो. इंग्लंडमध्ये पानगळीच्या दिवसात ह्याच कारणानं मोठमोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांचं वेळापत्रक बदलावं लागतं, रूळ धुवायला वेगळ्या गाड्या फिरवतात, तेव्हा ह्या चार चाकांच्या म्हाताऱ्या इंजिनानं तरी काय करावं.

मग वळणं. एका दांड्यावर दोन चाकं पक्की बसवलेली, दोघं एकाच वेगानं फिरणार, पण वळणावर बाहेरचा रूळ लांब आणि आतला आखूड, त्यामुळे कुठलं तरी चाक थोडं घासत जाणारच, आणि जे आधीच घासतंय त्याच्याकडे ओढायला पकड कमी उरते. ह्या लाईनीवर सरळ रूळ शोधावा लागतो अशी परिस्थिती आहे. खाली तीनधारियाच्या वर ॲगनी पॉइंट म्हणून एक लूप आहे, त्याचं वळण इतकं आखडतं की त्रिज्या १८ मीटरच्या आसपास, पण जॉयराइड तिकडे जात नाही, त्यासाठी खालून येणारी गाडी पकडावी लागते.

वाफेच्या इंजिनाची स्वतःची पण एक भानगड असते. मोटरसारखा ह्याचा जोर एकसारखा नसतो. दोन सिलिंडर, चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार दणके, दणका बसतो तेव्हा जोर जास्त आणि मधे कमी. सरासरी जोर पकडीच्या आत असला तरी एखादा दणका बाहेर जातो आणि तिथं चाक सुटतं. आणि एकदा सुटलं की पकड आणखीनच कमी होते, कारण घसरणाऱ्या पोलादाची पकड टेकलेल्या पोलादापेक्षा कमी, म्हणून चाक आणखी जोरात फिरतं, आणि आवाजाची ती एकदम घाई होते ती ह्यामुळे. अशा वेळी फिरत्या चाकाखाली वाळू टाकायची नसते, आधी वाफ बंद करायची, चाक शांत होऊ द्यायचं, मग वाळू. फिरत्या चाकाला एकदम पकड मिळाली तर झटका चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांना आणि त्यांच्या खिळ्यांना बसतो. आमच्या ड्रायव्हरचा हात वाफ कमी-जास्त करायच्या हँडलवर अख्खा रस्ताभर होता, एक सेकंद सोडला नाही, चढावर तर तो रुळाकडे बघत पण नव्हता, मान थोडी वाकडी करून आवाज ऐकत होता आणि आवाज बदलायच्या आधीच वाफ कमी करत होता. नंतर नंतर चाकं फिरलीच नाहीत तेव्हा डब्यातले लोक म्हणाले आता चढ संपला वाटतं. चढ तसाच होता.

अजून एक गोष्ट, पाणी. टाकी इंजिनावरच असल्यामुळे जेवढं पाणी खर्च होतं तेवढं इंजिन हलकं होतं आणि हलकं झालं की पकड कमी. म्हणजे चढून दमलेलं इंजिन शेवटी शेवटी रुळावर कमी वजनानं उभं असतं. वाटेत पाणी भरायला थांबते तेव्हा लोक खाली उतरून सेल्फी काढतात, काढा, पण ती थांबण्याची जागा नुसत्या वाफेसाठी नाही, पकडीसाठी पण आहे.

हे सगळं मला बघताना एवढं का भिडलं तर आमचे मामा रेल्वेत होते, कसारा आणि कर्जत दोन्ही घाटांवर इंजिनावर काढलेली वर्षं. लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं डोक्यात होतं पण ते आतून, केबिनमधून घडणारं, प्रवाशाला दिसत नाही. कर्जतला पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, मागे दोन-तीन बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, लोक वडापाव खाऊन घेतात आणि गाडी लोणावळ्याला पोचते. बँकर लागतात म्हणून आपण समजतो पुढचं इंजिन कमजोर. घाट सदतीसला एक, १८६३ पासून तोच, आणि पुढचं इंजिन आज पाच-सहा हजार हॉर्सपॉवरचं असतं, ताकद भरपूर, पण ती ताकद रुळावर उतरवायला सहाच दांडे असतात. बँकर जोडले की दांडे वाढतात, प्रत्येक चाकाच्या वाट्याला कमी काम येतं आणि ओल्या रुळावर कोणालाच जिवाच्या आकांतानं ओढायला लागत नाही. शिवाय मागून ढकललं की कपलिंगवरचा ताणही कमी होतो.

मामा सांगायचे की जुन्या इलेक्ट्रिक इंजिनात चाक फिरलं की एलएसपी नावाचा दिवा पेटायचा, इंजिन आपणहून ताकद थोडी उतरवायचं आणि वाळू सोडायचं. त्या इंजिनांची अडचण वेगळी, प्रत्येक दांड्याला स्वतःची मोटर, गाडीनं मागे ओढलं की इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर जातं, पुढचा दांडा हलका होतो आणि पहिल्यांदा तोच फिरतो. दार्जिलिंगच्या इंजिनात चारही चाकं बाहेरून दांडीनं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे एक हलकं झालं तर दुसरं सांभाळून घेतं, फिरली तर सगळी मिळून फिरतात. आताची थ्री-फेज इंजिनं, डब्ल्यूएजी-९ वगैरे, चाकाचा वेग सतत मोजतात आणि प्रत्येक क्षणाला जोर कमी-जास्त करतात. त्यातली गंमत म्हणजे सगळ्यात चांगली पकड चाक अजिबात न घसरता मिळत नाही, अगदी किंचित, टक्का-दोन टक्के घसरू दिलं तर मिळते, आणि कॉम्प्युटर चाकाला बरोबर त्या काठावर धरून ठेवतो. दार्जिलिंगचा ड्रायव्हर तेच काम कानानं करतो. मला तरी हे बघायला मिळालं ह्याचे दीड-दोन हजार पण कमी वाटले असते.

माथेरानशी तुलना लोक करणारच म्हणून सांगतो. नेरळ-माथेरान १९०७ ची, २१ किलोमीटर, चढ वीसला एकपर्यंत, म्हणजे चढाच्या बाबतीत आपली गाडी कुठेही कमी नाही. पण तिथं आता डिझेल ओढतं, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज भाग बंद ठेवतात, वर फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. तीच एनडीएम-६ जातीची डिझेल इंजिनं दार्जिलिंगलाही आहेत आणि स्वस्तातली जॉयराइड त्यांचीच असते. वाईट नाही, डबे तसेच, रस्ता तोच, बतासियाचा थांबा तोच. फक्त पुढे बसलेली माणसं नाहीत आणि चढ कधी आला कधी गेला कळत नाही. आजी-आजोबांना धूर सोसत नसेल, दम्याचा त्रास असेल तर मात्र बिनधास्त डिझेलचंच घ्या, वाफेच्या गाडीत खिडकी उघडी ठेवली की कोळशाचे कण डोळ्यात जातात आणि केसात बसतात, हे त्या इंजिनाबरोबर येतंच. पांढरे कपडे तर घालूच नका.

बतासिया लूप छान आहे, १९१९ साली घूमच्या खालचा चढ सौम्य करायला बांधला, गाडी स्वतःभोवती गोल फिरून स्वतःच्याच रुळावरून जाते, मधे बाग आणि गोरखा सैनिकांचं स्मारक. आकाश स्वच्छ असेल तर समोर कांचनजंगा, आम्हाला धुक्यामुळे काही दिसलं नाही. पण बघा, स्वच्छ ऊन असतं तर कोरड्या रुळावर इंजिन निवांत चढून गेलं असतं आणि ती दोन माणसं नुसती बसून राहिली असती. त्यामुळे धुकं मिळालं तर हिरमुसू नका, डोंगर नाही दिसला तरी राइड जास्त चांगली मिळाली असं समजा. बतासियाला लोक बागेकडे पळतात तेव्हा तुम्ही उलट इंजिनाकडे जा. वाळूवाल्यांचे हात बघा, वाळू कोरडी राहावी म्हणून ती किती जपतात ते बघा, कारण भिजलेली वाळू गोळा होऊन पडते, रुळावर पसरत नाही आणि चाकाच्या समोर टिकत नाही. त्यांच्याशी हिंदीत बोललात तर बोलतात, आमच्याशी बोलले, थंडीत पुढून येणारा वारा अंगावर घेत हे काम करायचं म्हणजे चेष्टा नाही. फोटो काढायच्या आधी विचारा. आणि जाताना चार पैसे हातात ठेवावेसे वाटले तर ठेवा.

बुकिंग आयआरसीटीसीवर आधीच करून ठेवा, ऑक्टोबर ते डिसेंबर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ऐनवेळी मिळणं अवघड. बुक करताना वाफेची गाडी आहे का डिझेलची ते नीट बघा, दोन्हीच्या वेळा वेगळ्या असतात आणि घाईत चुकीची निवडली जाते. पावसाळ्यात दरड आली तर खालची लाईन बंद होऊ शकते म्हणून न्यू जलपाईगुडीपासून येणारी गाडी धरून पूर्ण प्लॅन बांधू नका, जॉयराइड धरा. जमलं तर जाताना इंजिनाला लागून असलेला डबा घ्या, आवाज तिथंच कळतो. लहान मुलांना दहा मिनिटं आधी स्टेशनवर न्या म्हणजे कोळसा भरणं, पाणी भरणं, चाकांना तेल देणं सगळं दिसतं. स्वेटर मे महिन्यात पण लागतो. माझ्याकडून वाफेच्या राइडला पाचपैकी पाच, डिझेलला तीन.